हळू केलेल्या बोटीची लाट

माझ्या आत्याला पाण्यात पाडलं. पोळ्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, सकाळी न्याहारीच्या वेळेला, नांदेडजवळ गोदावरीच्या बॅकवॉटरमध्ये. पाडलं म्हणतोय मी. ती पडली नाही. सहलीच्या बोटीच्या लाटेनं ती मासे धरते तो थर्माकोलचा तराफा उलटला, पाय जाळ्यात गुंतला. शेजारी मासे धरणाऱ्यानं केसाला धरून वर काढलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. बोटीवरचे लोक मोबाइल धरून हसत होते.

मी लातूरला राहतो. मिळाली ती बस धरली आणि थेट बोटवाल्याला गाठलं.

"दादा, मी तर हळू केलती," तो म्हणाला. "मावशी दिसली की दर टायमाला वेग अर्धा करतो. विचारा तिला."

आत्याला विचारलं. "हाव, करतो की," ती म्हणाली. "त्यानं हळू केलं की माझ्या पोटात गोळा येतो, लेकरा."

मला वाटलं, भ्यायली म्हणून बोलून राहिली.

परतीच्या बसमध्ये मोबाइलवर एक व्हिडिओ आला. परदेशातली एक बाई बोटीमागच्या लाटेवर फळी घेऊन उभी, हातात दोरीसुद्धा नाही. लाट बोटीच्या मागोमाग येते. बाई तिच्या उतारावरून सारखी खाली घसरत असते आणि उतारही तेवढ्याच वेगानं पुढं सरकत असतो, म्हणून ती मागं पडत नाही. एवढी मोठी लाट येते कुठून, ते बसमध्येच शोधून वाचलं.

जोरात पळणारी अशी बोट पाण्यावर चढते, वरचेवर घासत जाते, लाट बेताची. अगदी सावकाश जाणारी पाण्याला फार ढकलत नाही. मधल्या वेगाला मात्र तिचं नाक वर होतं, बूड खाली बसतं आणि मागं पाण्याचा ढीग उठतो. फळीचा हा खेळ खेळणारे मुद्दाम तोच वेग धरतात. लाट वाढावी म्हणून मागं पाणी भरलेल्या पिशव्याही ठेवतात. आमच्याकडं पिशव्या कशाला पाहिजेत? पुढं पाणी उडतं म्हणून सहलीला आलेलं सगळं कुटुंब डब्यासकट मागंच बसतं.

म्हणजे बोटवाला आत्यावर दया दाखवत होता, आणि नेमकी सगळ्यात मोठी लाट तिच्या अंगावर सोडत होता.

पुढच्या रविवारी मी तिकीट काढून बोटीत बसलो. लांबून आत्या दिसली. ती तराफ्यावर आडवी बसून जाळं ओढत होती, म्हणजे लाट येणार ती तिच्या कुशीवरच. बोटवाल्यानं वेग अर्धा केला. नाक वर झालं.

"अजून कमी करा! एकदम कमी!"

"कमीच केलीय की, दादा!"

"पुढं सरका सगळे!" मी मागच्यांवर ओरडलो.

"तुम्ही बसा की पुढं," एकजण म्हणाला. "आमचे कपडे नवे हायेत."

मी बोटवाल्याचा हात धरला तेव्हा कुठं त्यानं इंजिन सोडलं. नाक खाली आलं, बोट थांबली. पण उठलेली लाट थांबत नसते. ती बोटीला सोडून आत्याकडं निघाली होती. मी नुसता बघत राहिलो. आत्यानं जाळं सोडलं, हातानं पाणी मारत तराफ्याचं तोंड लाटेकडं वळवलं. ती वर उचलली गेली, पलीकडं आपटली, पण वर राहिली. जाळं गेलं.

"मावशी, वाचलीस गं!" बोटवाला ओरडला.

"आज वाचले," ती म्हणाली. "उद्या तू येणारच न्हाईस का?"

ती उद्याही पाण्यावर असणार. बोटही. आणि बोटीत कदाचित तुम्ही असाल. तेव्हा ऐका: तराफा दिसला की बोट लांबून न्यायला लावा. लांबून जमत नसेल तर बरंच आधी वेग उतरवायला सांगा, नाक पाण्यावर सपाट बसेपर्यंत, आणि तराफा मागं पडेपर्यंत तसंच सावकाश. तुम्ही स्वतः मधे सरका, कपडे भिजू द्या. बोटवाला "हळूच केलीय" म्हणेल. ऐकू नका. मागं वळून पाणी बघा, आणि ढीग दिसला तर ओरडा.