मागच्या काचेजवळचा पांढरा दगड

लग्न करून मी बोरीवलीच्या त्या घरात आले, तेव्हा सोसायटीत एकाकडे रंगीत टीव्ही आला होता आणि आमच्याकडे माशांची टाकी होती. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून, लोखंडी अँगलच्या चौकटीत काचा बसवून, माझ्या सासऱ्यांनी ती स्वतः केली होती. कडेची पुट्टी त्यांनीच भरलेली. ती कुठून पाझरायला लागली की पुन्हा तेच भरत. आत वाळू, लांब फितीसारख्या पानांची झाडं, एंजल माशांची जोडी, थोडे गप्पी, आणि दिवसभर घुर्र करणारा हवेचा पंप. मला सुरुवातीला त्या टाकीचा रागच यायचा. दोन खोल्यांत माणसांना पाय पसरायला जागा नाही आणि मासे मात्र ऐसपैस, असं मी नवऱ्याला ऐकवलंही होतं. तो हसला आणि म्हणाला, "बाबांसमोर बोल ना, हिंमत असेल तर."

बाबांसमोर बोलायची हिंमत नव्हती. छापखान्यात आयुष्यभर अक्षरांचे बारीक खिळे जुळवून निवृत्त झालेला माणूस. चिमूटभर चूक त्यांना खपत नसे, मग ती मजकुरातली असो की आमटीतली. टाकीचेही नियम होते. दिवेलागणीला तिच्यावरचा दिवा लावायचा, जेवणं झाली की बंद. खाणं दोन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढंच. आठवड्याला एक बादली पाणी काढायचं आणि रात्रभर ठेवलेलं एक बादली घालायचं. "शेवाळ बाहेरून येत नाही," ते म्हणायचे. "ते पाण्यात असतंच. आपण उजेड आणि खाणं जास्त दिलं की माजतं." त्यांच्या टाकीत मी कधी शेवाळ पाहिलं नव्हतं. काचेवर हिरवी झाक दिसली की जुन्या ब्लेडने ते ती त्याच दिवशी खरवडून टाकायचे.

मग त्यांना दिसणंच कमी झालं. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी यायच्या आधी झालं होतं. आधी चांगलं दिसलं, मग धुकं आल्यासारखं झालं, मग काहीच नाही. आता उजव्यातला मोतीबिंदू पिकला होता. त्यांना खिडकी कुठे आहे ते कळायचं, खिडकीत कोण उभं आहे ते नाही. तरी टाकीचं काम त्यांनी सोडलं नाही. बाही दुमडून हात आत घालायचे आणि झाडं बोटांनी चाचपायचे. मागच्या काचेजवळ एक पांढरा दगड होता, सुपारीपेक्षा थोडा मोठा. लहानपणी गावच्या नदीतून आणलेला. हात नेहमी तिथे जाऊन थांबायचा.

"ऑपरेशन होऊन घरी आलो की पहिलं इथे बसणार," त्यांनी मला सांगितलं. "हा दगड दिसला, की समजायचं डोळा आला. तू फक्त पाणी नितळ ठेव." सासूबाईंना नाही, मुलाला नाही, मला सांगितलं. त्या दोघांना ते नंतर माझ्याकडूनच कळलं. त्या दिवसापासून टाकी माझी झाली, आणि माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

ऑपरेशनची तारीख गणपतीनंतरची मिळाली. त्या वर्षी सासूबाईंनी आरास नेहमीपेक्षा मोठी करायचं मनात घेतलं होतं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बोललं कुणीच नाही. कुणाला तरी सुचलं की चौरंग टाकीपुढेच मांडायचा, म्हणजे मूर्तीच्या मागे मासे फिरताना दिसतील. आरास झकास झाली, यात वाद नाही. मजल्यामजल्यावरून लोक बघायला आले. पण सासूबाईंचा हट्ट, की देव घरात आहेत तोवर देवापुढे अंधार करायचा नाही. समई तेवत होतीच, तिच्या जोडीला टाकीवरचा दिवा आणि बाजूला रंगीत दिव्यांचं तोरण. रात्रंदिवस.

बाबा एकदाच म्हणाले, "दिवा रात्री तरी घालवा गं. टाकीची वाट लागेल."

"देवापुढचा दिवा घालवायचा?" सासूबाई म्हणाल्या. "तेही या वर्षी?"

ऑपरेशन तोंडावर आलेलं असताना गणपतीशी वाद कोण घालणार? आणि आरतीला जमलेली पोरंटोरं प्रसादाचे चुरमुरे मुठीमुठीने टाकीत टाकत होती, मासे कसे झेपावतात ते बघायला. मी एकाचा हात धरला तर त्याच्या आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोराला नाही, देवालाच अडवलं होतं.

विसर्जन झालं, चौरंग उचलला, आणि टाकीचं पाणी मला किंचित पोपटी वाटलं. बाबांना पार्ल्याच्या इस्पितळात भरती केलं त्या दिवशी ते स्पष्ट हिरवं होतं. ऑपरेशन झालं तेव्हा पालक उकडलेल्या पाण्यासारखं झालं होतं. मागची काच दिसेना, झाडं दिसेनात. एंजल एकदम पुढच्या काचेपाशी यायचे आणि पुन्हा त्या हिरव्यात नाहीसे व्हायचे. दगडाचं तर नावच नको.

डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही, मनाला लावून घ्यायचं नाही. टाके ताजे होते. सासूबाईंनी आम्हा दोघांना इस्पितळाच्या जिन्यात उभं करून बजावलं, "त्यांच्यापुढे टाकीचा ट काढायचा नाही. विचारलं तर म्हणायचं, झकास आहे." आणि बाबा रोज विचारायचे. डोळ्यावर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि पहिला प्रश्न तोच. "पाणी कसंय?" मी म्हणायचे, "नितळ आहे, बाबा." मग ते हळूच हसायचे, कारण हसायलाही बंदी होती.

घरी मी वेड्यासारखी भिडले होते. सकाळी नळाला पाणी यायचं तेवढ्यात घरातलं भरायचं की टाकीचं, यावरून सासूबाईंशी खटके उडायचे. बादलीमागून बादली उपसली. संध्याकाळपर्यंत पाणी जरा फिकं वाटायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, वर आणखी गडद. नवरा साकीनाक्याच्या कारखान्यातून दमून यायचा आणि टाकीसमोर उभा राहून म्हणायचा, "दगड काढून बाहेर ठेवूया का? बाबांना दाखवता तरी येईल." मी त्याच्यावर अशी खेकसले की त्याने पुन्हा सल्ला दिला नाही.

एके दिवशी दूध घेऊन वर आले तर सासूबाई टाकीपाशी उभ्या. टाकीचं झाकण बाजूला, हातात तुरटीचा खडा, आणि माठातलं गढूळ पाणी निवळायला फिरवतात तसा तो पाण्यात गरगर फिरवत होत्या. मी दूध तिथेच ठेवलं आणि त्यांचा हात मनगटाशी धरून बाहेर ओढला. सासूचा हात असा धरायचा नसतो, ते मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

"आई, मासे मरतील!"

"आणि तो आंधळा झाला तर?" त्या ओरडल्या. नवऱ्याला कधीही अहो-जाहोशिवाय न बोलणारी बाई. मग खाली बसल्या, पदर तोंडाला लावला. "तुलाच वाटतं का गं, त्यांना दिसावं म्हणून? मला नाही वाटत?"

मी त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. पण गप्पी वर येऊन तोंडं उघडझाप करत होते, आणि रात्रीपासून ठेवलेल्या दोनच बादल्या होत्या. मी आधी त्या ओतल्या. गप्पी तगले. मग आम्ही दोघींनी चहा केला.

तो चहा पिता पिताच मला बाबांचं वाक्य आठवलं. उजेड आणि खाणं दिलं म्हणून माजलं, तर मग दोन्ही तोडायचं. इतकं सोपं, आणि मी बादल्याच उपसत बसले होते. मी कपाटातून जाड गोधडी काढली, टाकीवर घातली, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सोडली आणि कडा खोचल्या. दिवा बंद, खाणं बंद, पंप तेवढा चालू. कुणी गोधडीची कड उचलून आत बघायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं, सासूबाईंनाही. त्यांनी मान डोलावली. तिकडे इस्पितळात पट्टी आणि इकडे गोधडी, उघडून बघायची दोन्हीकडे बंदी.

ते दिवस मला आजही नकोसे वाटतात. आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. मी पंपाची घुर्र ऐकत स्वयंपाक करायचे. जरा कुठे वास आला की हातातलं टाकून गोधडीपाशी जाऊन उभी राहायचे. मासे मेले असले तर? झाडं कुजली असली तर? आणि सगळ्यात वाईट म्हणजे, पाणी नितळ झालं आणि बाबांना दिसलंच नाही तर? तो विचार मी मनात येऊ द्यायचे नाही, पण गोधडीकडे बघितलं की तोच यायचा.

गोधडी घालून पुरेसे दिवस झाले नव्हते, आणि बाबांना घरी सोडलं. इस्पितळाला खाटेची गरज होती, आणि जखमही भरत आली होती. निरोप आला तेव्हा मी बाजारात होते. परत आले तेव्हा सासूबाईंनी गोधडी काढून घडी घालून ठेवली होती. "घरात शिरल्या शिरल्या विचारतील, हे काय झाकलंय म्हणून," त्या म्हणाल्या. "आणि बघ ना, किती फिकं झालंय."

फिकं झालं होतं, खोटं नाही. मासे जिवंत होते, झाडांचे आकार दिसत होते. पण पाण्यात हिरवट धुरकटपणा होता, आणि मागची काच अजून गायबच होती. पुन्हा झाकायला वेळ नव्हता. खाली टॅक्सी थांबली.

बाबांना तात्पुरता चष्मा दिला होता, बाटलीच्या बुडासारखी जाड भिंगं. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसायचं, म्हणून ते पाय उंच उचलून टाकत होते. आमची तोंडं त्यांनी नीट बघितली, मुलाला म्हणाले, "जाड झालास रे." आम्ही सगळे मोठमोठ्याने हसलो. मग ते सरळ टाकीसमोर जाऊन बसले. आमच्यातलं कुणीच हललं नाही.

त्यांनी बघितलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. मान पुढे केली, मागे घेतली.

"पाणी बदललं होतंस ना?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "अहो, काचेसारखं आहे."

"आणि दगड? जागेवर आहे?"

"आहे ना. हा काय समोर."

बाबांनी पुन्हा बघितलं नाही. चष्मा काढला, घडी केली, खिशात ठेवला. आवाज अगदी साधा होता. "मी जरा पडतो," ते म्हणाले. आणि उठता उठता, कुणाला उद्देशून नाही, असंच म्हणाले, "डाव्याचंही असंच सुरू झालं होतं. धुक्यापासून."

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. आपण काय केलं ते त्यांना तेव्हा कळलं.

"बाबा, पाणी हिरवं आहे," मी म्हणाले. "गणपतीपासून हिरवं आहे. आम्ही सगळे तुमच्याशी खोटं बोललो."

ते थांबले, पण वळले नाहीत. "राहू दे गं," म्हणाले, इतक्या मायेने की मला रडू आलं. "माझी समजूत काढू नकोस. मी घेईन सांभाळून."

आता खरं सांगूनही उपयोग नव्हता. शब्द आम्ही आधीच वापरून टाकले होते. मी झाकण सरकवलं, बाही न दुमडता हात खांद्यापर्यंत आत घातला, मागच्या काचेपाशी चाचपला. बोटांना दगड गुळगुळीत, बुळबुळीत लागला. मी तो बाहेर काढला, बाबांच्या खिशातला चष्मा त्यांना न विचारता काढून त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि दगड त्यांच्या तळहातावर ठेवला. माझ्या हातावरून पाणी त्यांच्या धोतरावर टपकत होतं.

ते बघत राहिले. दगड खिडकीकडे धरला, अंगठ्याने फिरवला.

"हा पांढरा आहे होय?" ते म्हणाले. "शेवाळाची साय चढलीय याच्यावर. आणि हे बारीक ठिपके? गोगलगायीची अंडी आहेत ही." मग त्यांचा आवाज चढला. "दिवा किती वेळ चालू ठेवला होता? चुरमुरे कुणी टाकले? मी तुला काय सांगून गेलो होतो?"

त्या घरात इतक्या आनंदाने मी कधीच बोलणी खाल्ली नव्हती. मी ओल्या बाहीने डोळे पुसत उभी होते. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, हसत होत्या की रडत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. डॉक्टरांनी आवाज चढवायला मनाई केली होती, पण त्यांना थांबवावंसं कुणालाच वाटलं नाही.

"तुझ्या गणपतीने डोळा दिला," बाबा सासूबाईंना म्हणाले, "पण टाकीची पार वाट लावली."

नवऱ्याने गोधडी आणली. आम्ही दोघांनी ती टाकीवर पुन्हा घातली, आणि बाबांनी खुर्चीतूनच कुठून उजेड आत शिरतोय ते बोट दाखवून सांगितलं. डावीकडची कड त्यांच्या मनासारखी होईपर्यंत मला तीनदा खोचावी लागली. मग मी दगड आत ठेवायला हात पुढे केला.

त्यांनी मूठ मिटली.

"असू दे बाहेर," म्हणाले. "जरा बघू दे मला."