वैशालीच्या वाटणीचं ग्लुकोज

गरोदरपणाचे मधले महिने सगळ्यात सुखाचे असतात, असं आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या. नवऱ्याबद्दल त्या काहीच बोलल्या नव्हत्या.

वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, सहावा लागला होता. उलट्या थांबल्या होत्या, भूक परत आली होती. (माझीही आली. तिला एकटीला खाऊ देणं बरं दिसतं का?) बाळ हलायला लागलं होतं.

"अहो, लवकर या, हलतंय!"

मी धावत जाऊन पोटावर हात ठेवला की आत सामसूम! असं पंधरा दिवस चाललं.

मग मॅडमनी साखरेची तपासणी सांगितली. ग्लुकोजचं पाणी प्यायचं, दोन तास थांबायचं, मग रक्त द्यायचं. सोबतीला शिरपूरहून सासूबाई आल्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात.

जळगावातला मे महिना! दोघींना लॅबच्या दारात सोडून मी गाडी लावायला सावली शोधत तीन गल्ल्या फिरलो. परत आलो तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली होती. वैशाली बाथरूमला गेलेली, अक्का डुलक्या घेत होत्या आणि खुर्चीवर लिंबाच्या वासाची गार बाटली. माझ्यासाठी सरबत! केवढी ही माया! एका दमात संपवलं.

अक्कांनी डोळे उघडले.

"जवाईबापू, हाई काय करं तुम्हीन! ते पोरनं औषध शे!"

म्हणजे वैशालीच्या तपासणीचं ग्लुकोज मी संपवलं होतं! "अक्का, तिला सांगू नका," म्हणत मी मेडिकलकडे पळालो. लिंबाचं चित्र असलेली पुडी घेतली, पाण्यात कालवली आणि बाटली जागेवर ठेवली. वैशालीनं एक घोट घेतला.

"हे खारट का लागतंय?"

लॅबवाल्या ताईंनी माझ्या खिशातून डोकावणारी पुडी काढून वाचली.

"साहेब, हे जुलाबावरचं आहे."

वैशालीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला त्या औषधाची खरंच गरज भासली.

ताईंनी नवीन ग्लुकोज कालवलं. वैशाली नाक दाबून ते प्यायली. दोन तासांनी ताईंनी तिचं रक्त घेतलं.

"तुम्हीही प्यायलात ना?" ताई मला म्हणाल्या. "मग द्या हात, तुमचंही बघून टाकू."

संध्याकाळी मॅडमनी दोन्ही रिपोर्ट समोर ठेवले. "वैशाली, तुझी साखर अगदी छान. तुमची मात्र वाढलीय, साहेब!"

वैशाली खळखळून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि एकदम थांबली. माझा हात ओढून तिनं पोटावर ठेवला.

ठक्! स्पष्ट, जोरदार लाथ. माझ्या लेकराची पहिली लाथ!

मॅडमही हसल्या. मग वैशालीला म्हणाल्या, "बाळंतपणापर्यंत गोड जरा जपून खा हं."

"आणि मी?"

"तुम्ही जन्मभर!"

मुलगी झाली तेव्हा अख्ख्या कॉलनीत जिलेबी मीच वाटली. बोटं चाटायला जाणार, तोच मागून अक्कांनी हातावर ओला रुमाल ठेवला.