पंपाशी थांबलेला

बाल्टिमोरच्या धक्क्यावरची ती पांढरी बोट वर्षातून एकदा लोकांना बघायला उघडतात. ऑरिन हॅस्केल गुडघे धरत शिडी चढला, तो बोट बघायला नव्हे. तिच्या यंत्रघरात त्यानं हाडं झिजवली होती. तो आला होता थोरल्या भावासाठी.

डेलबर्ट आता पाहुण्यांना बोट हिंडून दाखवायचा. पन्नास वर्षांपूर्वीच्या संपात ऑरिन बंदराच्या फाटकावर धरणं धरलेल्या सोबत्यांना ओलांडून बोटीवर गेला आणि त्या दिवशी डेलबर्टनं त्याच्याशी बोलणं टाकलं. बंदराचा रिवाजच तो. संपफोड्याशी जन्मभर बोलायचं नाही. आईला पुरताना दोघे खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे होते.

आता ऑरिनच्या छातीत पाणी झालं होतं. जाण्याआधी भावानं एकदा नावानं हाक मारावी, एवढंच हवं होतं.

डेलबर्टची नजर त्याच्यावर थांबली आणि पुढे सरकली.

"चला मंडळी, डोकी सांभाळा. ही बोट अणूवर चालायची. माल थोडा, मिरवणं फार!"

लोक हसले. काचेतून खाली अणुभट्टी दिसत होती.

"घाबरू नका, इंधन कधीच काढलंय. पण तेव्हा भट्टी बंद केली तरी आतली धग लगेच निवायची नाही. पंपानं पाणी फिरवत राहावं लागे. पंपाशी असलेल्या माणसाला हलता यायचं नाही."

एका बाईनं विचारलं, "मग संपात सगळे उतरले तेव्हा पंपाशी कोण होतं?"

डेलबर्टनं टोपी सारखी केली. "होतं कुणीतरी."

"मी होतो, दादा," ऑरिन म्हणाला. "त्यासाठीच फाटक ओलांडलं. मग बदलीला कुणी आलं नाही. बसलो तर डोळा लागेल म्हणून उभाच राहिलो. तुला ठाऊक होतं."

सगळे वळून बघू लागले.

"साहेब, प्रश्न शेवटी घेतो आपण," डेलबर्ट म्हणाला. "पुढे चला."

निघताना शिडीपाशी तो प्रत्येकाशी हात मिळवत होता. ऑरिनची पाळी आली. हात पुढे आला, बापासारखाच रुंद आणि खरखरीत.

"आलात, बरं वाटलं, साहेब. पायऱ्या निसरड्या आहेत, जपून."

इतक्या वर्षांनी भाऊ बोलला होता, आणि रिवाजही मोडला नव्हता. संपफोड्याशी तो बोललाच नव्हता, बोलला होता पाहुण्याशी.

ऑरिन कठडा धरून एकेक पायरी उतरला. वर डेलबर्ट नव्या घोळक्याला सांगत होता, "चला मंडळी, डोकी सांभाळा."