साडूभाऊंचं पोट

पुण्यात पोटाची कसलीही तक्रार नसलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझा साडू होता. बाकी आपल्या शहरात कुणाला पित्त, कुणाला गॅस, कुणाला बाहेरचं चालत नाही आणि कुणाला घरचं. चार माणसं जमली की राजकारण संपल्यावर इसबगोल निघतो. साडूभाऊ अशा बैठकीत ऐकणाऱ्यासारखे बसायचे आणि शेवटी अगदी निरागसपणे विचारायचे, "म्हंजे, दुखतं कसं पोट?" टिंगल नव्हती त्यात. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, ते यजमान. हडपसरला राहायचे. तिथल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर काम करायचे, आणि घरामागे वाडवडिलांच्या शेतातला उरलासुरला तुकडा होता, त्यात मुळा, मेथी, कोथिंबीर लावायचे. मुळा उपटायचा, पँटला एकदा इकडून आणि एकदा तिकडून पुसायचा आणि कचाकचा खायचा, ही त्यांची न्याहारी. "अहो, धुऊन तरी घ्या," असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, "माती काय परकी हाय का, पाव्हनं?" कालची भाकरी ताकात कुस्करून खाल्ल्याशिवाय त्यांना सकाळ झाल्यासारखं वाटायचं नाही. फ्रिजवर त्यांचा मनापासून राग होता. अन्नाला थंडी वाजते आणि मग ते पोटात गेल्यावर काम करत नाही, असं त्यांचं मत होतं. एका लग्नात बासुंदी बाधून अख्खं वऱ्हाड कार्यालयाच्या संडासापुढे रांगेत उभं असताना हे आचाऱ्याशेजारी मांडी घालून बसले होते आणि पातेल्याच्या तळाची खरवड खात होते. "वाया कशाला घालवायची," एवढंच म्हणाले.

आणि मी? मी वारज्यात राहतो आणि शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासतो. चुका शोधायच्या, हा धंदाही आणि स्वभावही. पाणी उकळून, गाळून, पुन्हा झाकून ठेवणारा मी माणूस. त्यामुळे साडूभाऊंशी माझं नातं जरा दुरूनच होतं. ते दूर कुणी ठेवलं होतं, हे आता सांगायलाच हवं. आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला ते मडक्यात स्वतः विरजलेलं दही घेऊन आले. हडपसरहून वारज्यापर्यंत मांडीवर धरून. मडक्याच्या काठाला थोडी माती लागलेली होती. सगळे पूजेला बसल्यावर मी हळूच स्वयंपाकघरात गेलो आणि ते दही मोरीत ओतलं. वळून बघतो तर साडूभाऊ दारात उभे. "पानी प्यायला आलतो," म्हणाले. पाणी प्याले आणि गेले. त्यानंतरही ते सणावाराला आमच्याकडे यायचे, हसायचे, बोलायचे, पण पुन्हा कधी हातात काही घेऊन आले नाहीत. हे माझ्या लक्षात आलं होतं. बोलायचं धाडस मात्र झालं नाही.

पुढे माझी दाढ सुजली. दाताच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. दाढ बरी झाली आणि जुलाब सुरू झाले. औषधानं थांबले, पंधरवड्यात पुन्हा लागले. पुन्हा औषध, पुन्हा जुलाब. तिसऱ्या खेपेला मी इतका वाळलो की घड्याळ दंडापर्यंत चढायचं. बायकोनं मला पोटाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या रुग्णही बघायच्या आणि आतड्यातल्या जिवाणूंवर संशोधनही करायच्या. त्या म्हणाल्या, "आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. गोळ्यांनी तुमचे चांगले मेले, आणि एक वाईट होता त्यानं सगळी जागा बळकावली. आता एक उपाय आहे. निरोगी माणसाची विष्ठा घ्यायची, ती गाळून, द्रव करून नळीनं तुमच्या आतड्यात सोडायची. त्यातले जिवाणू तिथं रुजतात." मी बायकोकडे बघितलं, बायकोनं भिंतीवरच्या आतड्याच्या चित्राकडे बघितलं.

पण निरोगी माणूस आणायचा कुठून? बायकोला मधुमेह. मुलगा मुरुमांसाठी अँटिबायोटिक घेत होता. बाकीचे नातलग फोनवर फार हळहळले. अक्कांच्या कानावर गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडूभाऊ धुतलेला सदरा घालून हॉस्पिटलात हजर. "माझं तपासा," म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी वय जरा जास्त आहे म्हणून कुरकुर केली, मग रक्त तपासलं, विष्ठा तपासली, दोन पानं भरून प्रश्न विचारले. शेवटचं अँटिबायोटिक कधी घेतलं, या प्रश्नावर साडूभाऊंनी "ते कशाशी खातात?" असं विचारलं, तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे नव्यानं बघितलं. तपासण्यांचे निकाल आले तेव्हा बाई म्हणाल्या की साडूभाऊंच्या पोटात जितक्या जातींचे जिवाणू आहेत तितक्या जातींचे त्यांनी शहरातल्या माणसात सहसा पाहिले नाहीत. "म्हंजे गावच की," साडूभाऊ खूश होऊन म्हणाले. "आन् वाळीत कुनीच न्हाय!"

ठरल्या दिवशी हॉस्पिटलनं दिलेला डबा भरून, पिशवीत घालून ते बसनं आले. मोटरसायकल मुद्दाम काढली नाही. हिसके बसून आतलं गाव विस्कटेल, अशी त्यांना भीती. बसमध्ये शेजारच्या मावशींनी विचारलं, "हॉस्पिटलात डबा का?" "व्हय, पाव्हन्याला." "काय दिलंय?" साडूभाऊ म्हणाले, "घरचंच हाय." हे त्यांनी मला खाटेजवळ उभं राहून सांगितलं. मी हसलो तेव्हा लक्षात आलं की मी बऱ्याच दिवसांत हसलो नव्हतो. मग मला आत न्यायला माणूस आला, तेव्हा ते खाली वाकले आणि कानाशी म्हणाले, "तवा माझं दही मोरीत वतलंत. आता हे वता बघू!"

मी त्यांचा हात धरला. तो हात लेथवर काम करून खरखरीत झालेला होता, नखांत माती होती, आणि मला आत नेईपर्यंत मी तो सोडला नाही.

जुलाब थांबले. महिन्याभरात घड्याळ मनगटावर आलं. त्यानंतर साडूभाऊ दर रविवारी आमच्याकडे यायला लागले, चौकशीला. माझी नाही, गावाची. दारातूनच विचारायचे, "काय म्हंतंय गाव?" आणि पुन्हा हातात काहीतरी आणायला लागले. मुळा, दही, अक्कांच्या हातचं लोणचं. मी सगळं खायचो. डॉक्टरीणबाईंनी त्यांना संशोधनासाठी नमुने द्यायची विनंती केली, तर ते इतक्या नेमानं द्यायला लागले की शेवटी बाईंनाच पुरे म्हणावं लागलं. कारखान्यात ते ऐटीत सांगायचे, "आमी संशोधनात हाय." कुणी विचारलं, काय करता तिथं, तर म्हणायचे, "पुरवठा." रविवारी दुपारी दोन वाजेपर्यंत ते आमच्या गॅलरीत बसायचे, मी मुद्रितं तपासायचो, आणि आम्ही फारसं बोलायचोही नाही. तसं कुणाजवळ गप्प बसणं मला त्याआधी कधी जमलं नव्हतं.

गेल्या थंडीत ते गेले. झोपेतच, हृदयविकारानं. आम्ही सगळे त्यांच्या पोटाचं कौतुक करत राहिलो, छातीकडे कुणी बघितलंच नाही. रविवारी सकाळी अजून मी दाराची कडी काढून ठेवतो.

महिन्यापूर्वी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. उपचार केलेल्या जुन्या रुग्णांची त्या पुन्हा तपासणी करत होत्या. मी नमुना दिला. निकाल सांगायला त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाल्या, "दात्याकडून आलेले जिवाणू तुमच्यात अजून टिकून आहेत. बरेच. त्यांच्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिलं, तेच आहेत." मी तो कागद मागून घेतला. त्यात नुसती लॅटिन नावं आणि आकडे होते. साडूभाऊंचं नाव कुठंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा एका छापील कागदावरची चूक मला दुरुस्त करावीशी वाटली आणि करता आली नाही.

तसाच उठून हडपसरला गेलो. अक्का एकट्याच होत्या. मी कागद पुढे करून जमेल तसं समजावलं, की साडूभाऊंच्या पोटातले जीव माझ्या पोटात अजून आहेत, त्यांची पिलावळ वाढते आहे. अक्कांनी कागद हातात घेतला, उलटून मागची कोरी बाजू बघितली, पुन्हा सुलटा केला. मग पदर खोचून उठल्या आणि म्हणाल्या, "बसा. भाकरी टाकते."

समोर पिठलं, भाकरी, कच्चा कांदा आला. साडूभाऊ गेल्यापासून मी तिथं जेवलो नव्हतो. अक्का उंबऱ्याजवळ बसून माझं जेवण बघत होत्या. एक भाकरी संपली. मला एकच जाते, हे त्यांना लग्नापासून माहीत आहे. तरी त्यांनी दुसरी आणली. मी ताटावर हात आडवा धरला. "बास, अक्का. मला नको."

"तुमास्नी कोन वाढतंय?" अक्का म्हणाल्या.

मी हात बाजूला घेतला.