वरच्या काकूंचे शनिवार-रविवार

खरी अमेरिका पाहिलेली माणसं, मला विचाराल तर, फार थोडी. तिथे जन्मलेल्यांनी ती पाहिलेली नसते, कारण त्यांना ती रोजचीच. तिथे स्थायिक झालेल्यांना शनिवार-रविवारी अंगणातलं गवत कापायचं असतं, त्यामुळे त्यांनीही नाही. आणि माझ्यासारखे, कंपनीने प्रोजेक्टपुरते पाठवलेले लोक तर ऑफिस, अपार्टमेंट आणि इंडियन ग्रोसरी या त्रिकोणालाच अमेरिका समजून, येताना चॉकलेटं घेऊन परत येतात. अमेरिका पाहिली ती आमच्या वरच्या काकूंनी. ती त्यांनी माझ्या गाडीतून पाहिली, एवढंच माझं परदेशातलं कर्तृत्व.

मी तेव्हा मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहत होतो. मुलीची दहावी असल्यामुळे ती आणि बायको पुण्यात, आणि मी इथे तळमजल्यावरच्या घरात स्वतःच्या हातची खिचडी खात एकटा. वरच्या मजल्यावर नागपूरचं एक जोडपं होतं. त्यांना मुलगी झाली आणि बाळाला सांभाळायला म्हणून ऐन जानेवारीत मुलाची आई आली. त्या वरच्या काकू. सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, उंचीने बेताच्या आणि आवाजाने वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या. आमची पहिली भेट तळघरातल्या वॉशिंग मशीनपाशी झाली. मी कपडे वाळवायच्या मशीनमधून माझा एकुलता एक लोकरी स्वेटर काढत होतो. तो आक्रसून बाहुलीच्या मापाचा झाला होता. काकूंनी तो माझ्या हातून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "आमच्या नातीला होईल." मग चौकशी सुरू झाली.

"गाडी आहे का तुझ्याजवळ?"

"आहे."

"चालते?"

"चालते की."

"मग शनिवारी काय करतो?"

झोपतो, हे खरं उत्तर होतं. पण मला आयुष्यात कोणालाही खरं उत्तर वेळेवर देता आलेलं नाही. मी म्हणालो, "विशेष काही नाही." या तीन शब्दांनी माझे पुढचे सगळे शनिवार आणि बरेचसे रविवार गेले.

काकूंचा नियम साधा होता. सोमवार ते शुक्रवार त्या आजी. बाळाची अंघोळ, मालिश, दुपटी, सुनेचं पथ्यपाणी, सगळं घड्याळाच्या काट्यावर. शनिवार उजाडला की त्या मुलाला सांगत, "तुमचं पोर आता तुम्ही सांभाळा, माझा ऑफ आहे," आणि जाडजूड कोट, त्याखाली साडी, साडीखाली मुलाची थर्मल पँट, डोक्याला मफलर आणि हातात डबा अशा थाटात माझ्या दाराशी उभ्या राहत. मी डोळे चोळत दार उघडलं की म्हणत, "काय पुणेकर, झोपून राहायला आला का अमेरिकेत?" माझं नाव त्यांना पक्कं माहीत होतं, पण ते वापरण्याची गरज त्यांना कधी पडली नाही.

माझ्या गाडी चालवण्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी हायवेला घाबरतो. उजवीकडची लेन एकदा पकडली की ती सोडणं मला विश्वासघातासारखं वाटतं. मागे गाड्यांची वरात जमते, माझे तळवे घामेजतात आणि मी स्टिअरिंगला असा चिकटून बसतो की लांबून बघणाऱ्याला गाडीच मला घेऊन चालली आहे असं वाटावं. काकू शेजारी बसून शांतपणे धावतं समालोचन करत. "तो लाल गेला. ती बस गेली. आता सायकलवाला गेला, बरं का." एकदा मी भीतीपोटी चुकीच्या एक्झिटने बाहेर पडलो आणि आम्ही धबधब्याऐवजी कुणाच्या तरी टर्की पक्ष्यांच्या फार्मवर पोचलो. मी माफी मागायला लागलो, तर काकू केव्हाच उतरून कुंपणाशी गेल्या होत्या. त्यांनी तासभर टर्की पाहिल्या. "धबधबा काय, पाणीच पडते," त्या म्हणाल्या. "हे बघ, कसे खात्याचे साहेब राउंडला निघाल्यासारखे चालून राहिले." मी पाहिलं आणि मला माझ्या मॅनेजरची चाल आठवली. सोमवारच्या मीटिंगमध्ये मला हसू आवरेना.

प्रेक्षणीय स्थळ आणि काकू यांचं कधी जमलं नाही. जे पाहायला जावं ते सोडून त्या भलतंच पाहत. मिनिआपोलिसच्या एका बागेत भल्यामोठ्या चमच्यावर एक लालबुंद चेरी ठेवलेलं शिल्प आहे. लोक लांबून येऊन त्याच्यासमोर फोटो काढतात. काकूंनी कमरेवर हात ठेवून ते नीट पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढा मोठा चमचा, आणि वाढली एकच चेरी. वाढणारा तुमच्या पुण्याचा दिसते." मग पाठ फिरवून त्यांनी उरलेला वेळ एका आजोबांना कुत्र्याच्या पायात बूट घालताना पाहण्यात घालवला, आणि शेवटी कुत्र्याचा चौथा पाय स्वतः धरून दिला.

त्यांना भाषेची अडचण नव्हती. त्या नागपुरी मराठीत बोलत, समोरचा अमेरिकन इंग्रजीत बोले आणि दोघांचं उत्तम चाले. अडचण फक्त मी मध्ये पडलो की होई. गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरत बसलेला एक म्हातारा त्यांना एकदा दिसला. तळ्यावर पाय ठेवायलाच मला धीर होईना. काकू मात्र व्हरांड्यातून चालावं तशा चालत गेल्या आणि त्याच्या शेजारच्या उलट्या बादलीवर बसल्या. मी रांगतोय म्हणावं अशा गतीने पोचलो तेव्हा त्याचा एक बूट निघालेला होता आणि काकू त्याच्या घोट्यावर अंगठा दाबून पाहत होत्या. "याला सांग, पायावर सूज आहे. मीठ कमी कर म्हणा, आणि डॉक्टरला दाखव. बायको गेल्यापासून डबाबंद सूप पिऊन राहिला हा." बायको गेल्याचं त्यांना कसं कळलं, हे मला आजही समजलेलं नाही. म्हाताऱ्याने निघताना त्यांना एक मोठा मासा दिला. माझ्या पुण्याच्या घरात अंडंसुद्धा बायकोने पाहुण्यासारखं बाहेरच्या खोलीत बसवलेलं. तो मासा माझ्या मागच्या सीटवर, माझ्याच ऑफिसच्या जॅकेटमध्ये गुंडाळून घरी आला. वर त्या दिवशी उत्सव झाला आणि खाली माझी गाडी एप्रिलपर्यंत तळ्यासारखी वास मारत राहिली.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि तळी दिसू लागली. या राज्यात गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा दहा हजार तळ्यांची जाहिरात असते. काकूंनी ती आव्हानासारखी घेतली. प्रत्येक तळ्याशी गेलं की त्या काठावर वाकत, ओंजळीत पाणी घेत आणि ओठांना लावत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलोच, "काकू, बॅक्टेरिया असतात!"

त्यांनी हात पदराला पुसले. "माझ्या आईला गावच्या तळ्याला हात लावू देत नव्हते," त्या म्हणाल्या. "हात लावला म्हणून माझ्या मामाला मारलं होतं. तेव्हापासून मी दिसेल त्या तळ्यात हात घालते. कोणी काही म्हणत नाही ना, ते बघते." मी काठावर ठेवलेली त्यांची पर्स उचलून हातात धरली. त्या लगेच म्हणाल्या, "आणि बॅक्टेरियाचं काय सांगतो मला? सरकारी दवाखान्यात जन्म गेला माझा. ते मला घाबरतात." त्यानंतर कुठल्याही तळ्याशी गेलो की त्या वाकत आणि मी त्यांची पर्स धरून उभा राहत असे.

मे महिना संपत आला तेव्हा भानगड झाली. काकूंचा मुक्काम जुलैत संपत होता. एका संध्याकाळी त्यांचा मुलगा खाली आला. गुणी मुलगा, डोळ्यांखाली बापपणाची वर्तुळं. "यार, आईचा स्टे एक्स्टेंड करायचाय. ती विषयच टाळते. तुझं ऐकते ती. तू कन्व्हिन्स कर ना प्लीज." मी म्हणालो, "हो, करतो की." पुढच्याच शनिवारी गाडीत काकू म्हणाल्या, "बाबूला तूच सांग बरं, मला आता घरी जायचं आहे. मी बोलायला गेली की त्याचं तोंड पडते." मी म्हणालो, "हो, सांगतो की." आठवडाभर मी जिन्यात दोघांनाही चुकवत मांजरासारखा वावरलो. शेवटी माझ्या भित्रेपणालाच एक कल्पना सुचली. दोघांनाही सहलीला न्यावं. गाडीत, तळ्याकाठी, कुठेतरी ते आपसात बोलतील आणि आपण सुटू.

मुलाला मी लेक सुपिरिअरचं आमिष दाखवलं. सुनेने बाळाला घेऊन मैत्रिणीकडे राहायचं ठरवलं आणि आम्ही तिघं त्या तळ्याकाठच्या डुलुथला निघालो. गाडी मुलाने चालवली, त्यामुळे आम्ही त्याच दिवशी पोचलो. ते तळं नाहीच. समुद्रच तो, फक्त गोड्या पाण्याचा. बंदराच्या तोंडाशी एक लोखंडी पूल आहे. जहाज आलं की तो अख्खा वर उचलला जातो. आमच्यासमोर एक भलंमोठं मालवाहू जहाज आलं. त्याने भोंगा दिला, पुलाने उलट भोंगा दिला. काकू कठड्यापाशी पुढे घुसल्या आणि दोन्ही हात वर करून, मफलर सोडून तो हवेत फिरवत, "ए भाऊ! संभाळून जा रे!" असं जहाजाला ओरडल्या. वर डेकवरच्या एका खलाशाने टोपी काढून हलवली. आजूबाजूची पोरं टाळ्या पिटायला लागली.

मुलगा जहाजाकडे बघतच नव्हता. तो आईकडे बघत होता. "ही नेहमी अशी असते?" त्याने मला हळूच विचारलं.

"आज जरा कमीच आहे," मी म्हणालो.

खडकांवर बसून काकूंनी डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि ठेचा. वेळ आली आहे असं ओळखून मी उठलो. "मी जरा कॉफी बघून येतो."

"बस खाली," काकू म्हणाल्या. "दोघांनाही हो म्हणून ठेवलं ना तू? मग ऐक आता." मी बसलो. खडक टोचत होता, पण जागा बदलायची हिंमत नव्हती. "बाबू, मी जुलैत जाणार."

"आई, तिकडे एकटी काय करणार आहेस तू?"

"एकटी कशाला? सकाळी विहारात बायका असतात. दुपारी अर्धी कॉलनी बीपी तपासायला येते. माझं घर आहे, माझी गच्ची आहे."

"आणि आम्ही? आम्ही कोणी नाही का?"

"तुम्ही आहात म्हणून तर थंडीत आली ना रे. पण तू सकाळी जातो, सून खोलीत दार लावून काम करते. पोरगी झोपली की मी खिडकीतून पार्किंग बघत बसते. कोणती गाडी कुठे लागते, पाठ झालं मला."

मुलगा पुरी हातात धरून बसला होता. "पण मला वाटलं तू मजेत आहेस. सगळ्या फोटोंत किती हसतेयस."

"फोटो सगळे शनिवारचे आहेत, बाबू."

लाटा खडकांवर येत होत्या आणि मी माझ्या बुटांच्या नाड्या मोठ्या एकाग्रतेने पुन्हा बांधत होतो. पुरीचा तुकडा मोडत तो म्हणाला, "मी एकदाही आलो नाही तुझ्यासोबत."

"आज आला ना. ठेचा घे."

त्याने ठेचा घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ठेचा खरोखरच तिखट होता, त्यामुळे तिघांचीही सोय झाली. परतीच्या वाटेवर त्याने स्वतःच सांगितलं, "तिकीट मी बुक करतो. पण डिसेंबरमध्ये बाळाला घेऊन आम्ही तिघं नागपूरला येतो. तेव्हा शनिवार-रविवार धरून सगळे दिवस आमचे." काकू "बघू," म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर लगेच घोरायला लागल्या.

जुलैत त्या गेल्या. विमानतळावर मला म्हणाल्या, "उजवी लेन सोडत जा कधीतरी." मग त्यांना न्यायला व्हीलचेअर घेऊन आलेल्या मुलीचंच डोकं दुखतंय हे त्यांनी चेहऱ्यावरून ओळखलं, आणि तिची चौकशी करत करत आत गेल्या. मागे वळून पाहायला त्यांना वेळच झाला नाही.

पुढच्या शनिवारी मला हवं तेवढं झोपता आलं असतं. पण पहाटेच जाग आली आणि मी कपडे करून उगाच खुर्चीत बसून राहिलो. थोड्या वेळाने वरून मुलाचा फोन आला. "आज कुठे जाणार आहेस?" मी म्हणालो, "कुठे नाही." तो म्हणाला, "मग आम्ही येतो." तो बाळाला घेऊन खाली आला आणि आम्ही जवळच्याच एका तळ्यावर गेलो.

तिथे बाकावर बसलो खरे, पण पुढे काय करायचं ते दोघांनाही कळेना. पाणी होतं, बदकं होती, कोणीतरी पळत होतं, कोणीतरी होडी उतरवत होतं. आम्ही दोन शिकलेसवरलेले पुरुष तळ्याकडे असे बघत होतो, जणू ते आता काहीतरी बोलेल. बाळ झोपलं होतं.

"आई इथे काय करायची?" त्याने विचारलं.

मी टर्कीपासून सुरुवात केली. चमच्यावरची चेरी सांगितली, बर्फावरचा म्हातारा सांगितला, मासा सांगितला. तो हसला, मग आणखी विचारायला लागला: म्हातारा पुढे काय म्हणाला, तेव्हा आईने काय घातलं होतं, ती थकायची का. जे आठवलं ते मी सांगत गेलो, आणि आठवलं नाही तिथे थोडं रचूनही सांगितलं. ऊन वर आलं, बाकावरची सावली सरकली, तरी तो उठेना.

"अजून सांग," तो म्हणाला.