कापऱ्या हाताची वंदना

आमच्या घरात नवस बोलत नाहीत, अंगारा लावत नाहीत आणि कुणी चमत्काराची गोष्ट सांगू लागलं तर आई सरळ विषय बदलते. बुद्धाने स्वतःची बुद्धी वापरायला सांगितली आहे, हे मी मुळाक्षरांच्याही आधी शिकले. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्याला काय म्हणावं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. घडलं तसं सांगते.

मी व्हायोलिन वाजवते, पाश्चात्त्य पद्धतीचं. चिखलीत हे सांगितलं की लोक विचारतात, लग्नाच्या ऑर्डरी घेतेस का. बाबा भोसरीच्या एका कंपनीत तापलेलं लोखंड ठोकणाऱ्या फोर्जिंगच्या हॅमरवर होते. त्या हॅमरने आमचं घर चालवलं, मला व्हायोलिन घेऊन दिलं आणि बाबांचे कान नेले. उरलंसुरलं ऐकणंही हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. समोर बसून वाजवलं तर जोरकस भाग त्यांना कळायचा, पण हळुवार सूर त्यांच्यापर्यंत पोचायचेच नाहीत. मग ते माझ्या हाताकडे बघून अंदाजाने मान डोलवायचे. ती मान बघून मला रडू यायचं आणि रडू आलं की राग यायचा.

रेकॉर्डिंगचा हट्ट मी धरला तो यासाठी. हेडफोनमध्ये आवाज हवा तेवढा वाढवता येतो. एकटं व्हायोलिन आणि सोबतीला वाद्यवृंद अशी तीन भागांची रचना असते, तिला कॉन्चेर्तो म्हणतात. त्यातला मधला संथ भाग बाबांनी कान मिटायच्या आत एकदा तरी पुरता ऐकावा, एवढंच मला हवं होतं. पोरीचं पहिलं रेकॉर्डिंग, आता नाव काढणार, असं नातेवाईक म्हणत होते. मी हसून मान हलवत होते.

आणि नेमका तोच भाग मला वाजवता येईनासा झाला होता. लांब, हळू सूर ओढताना माझा उजवा हात कापायचा. गज तारेवर थरथरायचा आणि सुराला चिरा पडायच्या. डॉक्टरांनी हात तपासून काहीच दोष नाही म्हणून सांगितलं, म्हणजे दोष माझ्यातच आहे असा मी अर्थ काढला. जितकं आवरायला जावं तितका तो जास्त कापे. हे एकट्या आईला माहीत होतं. वाद्यवृंद चालवणाऱ्या माझ्या सरांनाही मी सांगितलं नव्हतं.

जागा मीच सुचवली. चिखलीतलं एक मंगल कार्यालय, लाकडी छताचं, आवाज छान फिरतो. चातुर्मासात लग्नं नसल्यामुळे ते रिकामंच होतं. शेजारी पत्रा ठोकणाऱ्या प्रेसची वर्कशॉपं आहेत, पण आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या वादकांना कुठून ठाऊक असणार? त्यांना रविवार सोयीचा होता. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आमच्याकडे रविवारी ठोकाठोक असते, गुरुवारी टाचणी पडली तरी ऐकू येईल. सगळ्यांनी कामाचा दिवस मोडून गुरुवार दिला.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. बुधवारी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाची सुट्टी दिली की तिची भरपाई गुरुवारी करतात, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. सणाच्या आठवड्यात बाबा गुरुवारी डबा घेऊन निघायचे तेव्हा मीच दार लावायचे. तरी हे माझ्या डोक्यात आलं नाही. सकाळी वादक वाद्यं जुळवत होते आणि भिंतीपलीकडे प्रेस सुरू झाला. धप्प, मग थोडा दम, पुन्हा धप्प. हळूहळू सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

पहिला आणि शेवटचा भाग जलद आहेत, ते कसेबसे निभावले. दुपारी मी वर्कशॉपच्या मालकाकडे गेले. भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "ताई, तुमचं काम मोठं हाय, मला न्हाई म्हणवत न्हाई. पण सकाळी माल गाडीत चढला न्हाई तर कंपनी पुढची ऑर्डर देत न्हाई बगा. आमी तरी काय करायचं?" बाबांच्या जन्मभराच्या शिफ्टा माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मी चहा संपवला आणि उठले.

परत कार्यालयात जायला पाय उचलेना. आत गेले की संथ भाग, आणि मग सगळ्यांना माझा हात दिसणार. बाबांसाठी आवाज वाढवायचा म्हणजे धप्पही वाढणार, कंपही वाढणार. मी त्यांना ऐकवणार काय, तर त्यांचे कान खाणारा ठोका आणि त्यावर मुलीचं अपयश. व्हायोलिन आजपासून सोडून द्यावं, असं मी त्या रस्त्यात उभी राहून अगदी शांतपणे ठरवलं. तितकं रिकामं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

समोर विहार होता. पौर्णिमा म्हणून पांढऱ्या साड्यांतल्या बायांची वंदना चालू होती. मी श्रद्धेने गेले असं म्हणणं खोटं ठरेल. कुणी काही विचारणार नाही अशी तेवढीच जागा होती, म्हणून मागे जाऊन बसले. त्रिशरण सुरू झालं, मीही सवयीने हात जोडले. जोडलेला उजवा हात कापत होता. मी तो मांडीखाली दाबला.

शेजारची म्हातारी बघत होती. वंदना संपल्यावर तिने जयभीम घातला आणि विचारलं, "हात का कापायलाय गं लेकी?"

"कळत नाही. थांबतच नाही," मी म्हणाले. सहा महिन्यांत आईशिवाय कुणाला म्हटलं नव्हतं, ते हिला म्हटलं.

"मग कापू दे की." तिने स्वतःचे हात जोडून दाखवले. ते माझ्याहून जास्त थरथरत होते. "माजे बी कापत्यात. म्हणून काय वंदना होत न्हाई?"

एवढंच. तिने माझा हात मांडीखालून काढून माझ्या दुसऱ्या हातावर ठेवला आणि चपला शोधायला उठली. ती म्हातारी कोण, असं पुढे मी आईला विचारलं, पण पौर्णिमेला कुठून कुठून बाया येतात, तिला उमजेना. मीही फार शोध घेतला नाही.

मी परत गेले. सरांना म्हटलं, माझा हात कापतो, कापणार आहे, तसाच घेऊ. सर म्हणाले, "घेऊ." प्रेस चालूच होता. पहिलाच लांब सूर थरथरला. मी त्याला आवरलं नाही. इतके दिवस हाताशी भांडण्यात माझा निम्मा जीव जात होता, तो त्या दिवशी सुरात गेला. शरण जाणं म्हणजे हार खाणं, असं मी समजत होते. त्या सुरात मला पहिल्यांदा वाटलं की मी कुणाच्या तरी ओंजळीत आहे आणि मला काही सिद्ध करायचं नाही. डोळे वाहत होते, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

भागाच्या मध्यावर कधीतरी प्रेस बंद पडला. पुढचं सगळं शांततेत वाजलं. पुन्हा घ्यायला वेळ नव्हता, मुंबईच्या वादकांना निघायचं होतं. जाताना कळलं की प्रेसची डाय, म्हणजे माल घडवायचा साचा, तुटली होती. मालक दाराशी कपाळाला हात लावून बसला होता. त्याचं नुकसान ही माझ्यावरची कृपा, असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. त्या शांततेचं काय करावं ते मला अजून कळलेलं नाही.

रेकॉर्डिंग तयार होऊन आलं, तेव्हा मी बाबांच्या कानांवर हेडफोन बसवले आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. ते डोळे मिटून ऐकत राहिले. अंदाजाने मान डोलवली नाही. संपल्यावर म्हणाले, "प्रेस मधीच थांबला?"

मी वहीच्या कागदावर लिहून दाखवलं, डाय तुटली.

"अरेरे, ऑर्डर गेली बिचाऱ्याची," बाबा म्हणाले. मग माझ्या उजव्या हाताकडे बघत, "हात कापतोय व्हय तुजा?"

मी होय म्हणून मान हलवली. त्यांनी हेडफोन पुन्हा नीट बसवले. म्हणाले, "परत लाव." मी दुसऱ्यांदा लावलं. मग तिसऱ्यांदा.

त्यानंतर हिवाळ्यात त्यांचं ऐकणं पूर्ण गेलं. मला ते दुःख आहे आणि ते कमी झालं असं मी म्हणणार नाही. माझा हातही अजून कापतो. पण पौर्णिमेला विहारातून आलो की बाबा स्वतःहून हेडफोन मागतात. मी लावून देते, आवाज शेवटपर्यंत वाढवते. त्यांना काही ऐकू येत नाही हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. ते हात जोडून बसतात. आताशा त्यांचेही हात कापतात, आणि ते थांबवायला सांगावं असं मला वाटत नाही.