टेकडीवरची रेंज

"भाभी, ओटीपी आला का? बोल ना, लवकर बोल!" — फोनमध्ये सरिता ओरडत होती, कडेवर माझी पोरगी रडत होती — आणि मी म्हटलं, नाही आला.

हे कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला पण नाही. सरिता त्याचीच बहीण, त्याला कसं सांगू?

सरिताचं नाव नर्सिंगच्या कॉलेजात लागलं होतं, नाशिकला. स्कॉलरशिप होती. सगळी फी सरकार भरणार, तिने फक्त जायचं. स्कॉलरशिपच्या अर्जाचा शेवटचा दिवस, म्हणून सकाळच्या जीपने धडगावला गेली, सायबरवाल्याकडे. घरात फोन एकच. तो माझ्याजवळ ठेवून गेली — पोरीला ताप होता ना. म्हणाली, दुपारी टेकडीवर जाऊन बस, मी सायबरवाल्याच्या फोनवरून पोरीचं विचारायला फोन करते. घरात रेंज येत नाही आमच्याकडे.

आणि तिकडे सायबरवाला म्हणाला, आधारला जोडलेल्या फोनवर ओटीपी येईल, तो सांग. म्हणजे माझ्या हातातल्याच फोनवर.

पोरीला तापात झटके येतात. मागच्या वेळी डोळे फिरवले तिने, मी नुसती किंचाळत राहिले. सरितानेच तिला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं, पळत जाऊन जीप थांबवली. तेव्हापासूनच म्हणायला लागली, मी नर्स होणार. नवरा ऊसतोडीला गुजरातमध्ये. सरिता गेली की मी आणि पोरगी — दोघीच. पुन्हा झटका आला तर? मी काय करणार होते?

ओटीपी आला होता. पहिल्याच वेळी आला. मला आकडे वाचता येतात, सातवीपर्यंत शिकलेय मी. तिने परत परत फोन केला, मी परत परत नाही म्हटलं. मग फोनच बंद केला.

संध्याकाळी आली ती. आधी पोरीच्या कपाळाला हात लावला. मग हसली — "अर्ज राहिला. भाभी, हा फोनच मला जाऊ देत नाही गं." आणि चुलीकडे तोंड करून बसली.

तुम्ही असता तर — नाही. ते नाही विचारत.

आता आम्ही दोघी शहाद्याकडे कापूस वेचायला जातो. पोरगी सरिताच्याच पाठीवर असते. कधी फोन लागला नाही की सरिता त्या टेकडीला शिव्या देते, माझं वाटोळं केलं म्हणते.

मी बाजूलाच असते. टेकडीवर त्या दिवशी पूर्ण रेंज होती.